जोरात बोल

तुम्ही माझ्या मित्राच्या नावावर अख्खा हिमकडा ढकललात, साहेब, आणि वर पाटी लावून मोकळे झालात. ती पाटी मी गेल्या फेब्रुवारीत पाहिली. ताजा रंग होता. म्हणजे बावीस वर्षांत तिला पुन्हा रंग द्यायला तुमच्या खात्याला माणूस सापडला, पण तिच्यावरचं खरं की खोटं हे बघायला सापडला नाही. तिच्यावर काय लिहिलंय ते मागाहून सांगतो. आधी ती सकाळ सांगतो. कारण त्या सकाळी तुम्ही घळीत नव्हतात. मी होतो.

त्या सकाळी भैरूनं मला उठवलं ते तोंडावर ओला हातमोजा फेकून.

"आरं, तोंडानं हाक मारता येत नाही का?" मी पांघरुणातून खेकसलो. आणि खेकसल्यावर आठवलं, की नाही येत. भैरूचा आवाज चार दिवसांपूर्वीच बसला होता. बसला म्हणजे पार गेलाच होता.

तो खोलीतल्या लाकडाच्या शेगडीपाशी उभा होता. पायात स्कीचे बूट, अंगात उसवलेला लाल स्वेटर. त्यानं खिडकीकडे बोट केलं. दोन दिवस वादळ झालं होतं, रात्रीतून उघडलं होतं, बाहेर निळं निळं आभाळ. मग त्यानं उभा तळहात वळवत वळवत खाली आणला, साप उतारावरून सरकावा तसा.

"सांदण?" मी विचारलं.

त्यानं मान हलवली आणि हसला. हसला की त्याचा पुढचा तुटका दात दिसायचा.

भैरू खोत चंदगडचा. मी रामजी धिंडले, अकोले तालुक्यातला, रतनगडाच्या पायथ्याचा. आमच्या दोघांच्या गावांमध्ये अर्धा महाराष्ट्र आडवा पडलेला आहे. ओळख झाली ती पार हिमालयात, एका मोहिमेची ओझी वाहताना. मोहीम संपली, बाकीचे गेले, आम्ही राहिलो. स्की शिकलो ते पडून पडून. मग तुमच्या खात्यानं आम्हाला हंगामी प्रशिक्षक केलं. डिसेंबरला घ्यायचं आणि मार्चला घालवायचं. गावाचं नाव लिहीत नाही. तुम्हाला ते ठाऊक आहे, बाकीच्यांचं त्यावाचून अडत नाही.

त्या वर्षी मार्चअखेर भैरू कायम होणार होता. पाच हिवाळे त्यानं याच एका गोष्टीवर काढले होते. आजऱ्याकडची एक मुलगी बघून ठेवली होती. तिच्या बापानं स्वच्छ सांगितलं होतं, हंगामी माणसाला पोरगी हंगामापुरतीच देऊ का? कायमचा कागद दाखव, मग बोल. तेव्हा त्या सकाळी भैरू कशावर पाय ठेवून उभा होता हे तुम्ही समजून घ्या.

आणि आवाज कुठं गेला तेही ऐका. शाळेच्या पोरांच्या दोन तुकड्या तुम्ही त्याच्या एकट्याच्या गळ्यात घातल्यात, कारण दुसरा प्रशिक्षक तुमच्या पाहुण्यांना फिरवत होता. आठवडाभर उणे दहाच्या थंडीत, "गुडघे वाकव", "मागं रेलू नको", "अगं बाई, काठी त्याच्या डोळ्यात जाईल". दवाखान्यातल्या डॉक्टरनं घशात बॅटरी मारून बघितली आणि सांगितलं, आठ दिवस गप्प. कुजबुजायचंसुद्धा नाही.

"ह्याला गप्प बसायला सांगताय?" मी म्हणालो होतो. "त्यापेक्षा ह्याला पुरून टाका."

डॉक्टर हसले होते. पुढं चार दिवसांनी काय होणार ते आम्हाला थोडंच माहीत होतं.

मशीननं दाबून ठेवलेल्या उतारावर स्की करणं वेगळं. ती डांबरी सडक. पर्यटकांसाठी असते, कडेला झेंडे असतात. खरी मजा तो उतार सोडून कोऱ्या बर्फात असते, जिथं काल रात्री पडलेलं अजून कुणी तुडवलेलं नाही. अशा जागांना आम्ही आपली नावं ठेवली होती. एक होती सासूचा जिना. एक होती फुटका माठ. आणि सगळ्यांत अवघड, सगळ्यांत देखणी, दोन्ही बाजूंना काळा कातळ आणि मधून पांढरी पट्टी, तिचं नाव सांदण. आमच्या साम्रदजवळ तशी घळ आहे, तिच्यावरून मी ठेवलं. त्या हंगामात तिच्यातून अजून कुणी उतरलेलं नव्हतं.

"कायम झाल्यावर जाऊ की," मी म्हणालो.

भैरू कानापाशी आला. सायकलच्या चाकातून हवा सुटावी तसा बोलला. "कायम झालो की हापिसाचा माणूस. मग कोण सोडतंय?"

"डॉक्टरनं कुजबुजू नको म्हणून सांगितलंय."

त्यानं डॉक्टरांच्या नावानं हातानं एक खूण केली. ती इथं लिहिता येत नाही.

निघताना त्यानं कमरेला फेटा बांधला. कमरेला का, ते सांगतो. तेव्हा कोऱ्या बर्फात जाणाऱ्यानं कमरेला लांब लाल दोरी बांधून ती मागं सोडायची पद्धत होती. माणूस बर्फाखाली गाडला गेला तरी दोरी हलकी, तिचा तुकडा वर तरंगतो, त्यावरून शोधायचं. दोऱ्या तुमच्या कोठीत होत्या. कोठीला कुलूप होतं आणि किल्ली पाहुण्यांपुरती फिरायची. म्हणून भैरूनं थोरल्या भावाच्या लग्नातला गुलाबी फेटा उभा फाडला आणि अर्धा मला दिला. पांढऱ्या डोंगरावर दोन गुलाबी शेपट्या. सगळे आम्हाला हसायचे.

कंट्रोल रूमवर नेगी होता. चांगला माणूस, दोन पोरींचा बाप. तो हिंदीत बोलायचा, मी इथं मराठीत लिहितो. वॉकीटॉकी त्या दिवशी अर्थातच माझ्याकडे.

"नेगीभाई, आम्ही दोघं घळीत उतरतोय. वरची धार बंद आहे ना?"

"कोण, चांगभलं? बंद आहे. काल मी स्वतः दोरी बांधली, लाल झेंडा लावला. धारेवर कुणी जाणार नाही."

"आम्ही खाली पोचल्याचं कळवेपर्यंत कुणाला सोडू नका."

"नाही सोडत. आज तो दुसरा का गप्प आहे? भांडलात?"

"त्याच्या तोंडाला देवानं कुलूप घातलंय."

"मग देवाला माझा नमस्कार सांग," नेगी म्हणाला.

आमचं नाव चांगभलं का पडलं तेही सांगायला हवं, सगळं तिथंच अडकलेलं आहे. माथ्यावर पोचलं की गप्प बसणं आपल्या लोकांना जमत नाही. गड असो की हिमालय, वर पोचलं की देवाचं नाव आभाळात फेकायचंच. भैरूचा देव जोतिबा. तो छाती फुगवून म्हणायचा, "जोतिबाच्या नावानं…" आणि मी खालून म्हणायचो, "चांगभलं." पाच हिवाळे हे चाललं होतं. त्याचा आवाज असा होता की खाली बाजारातला चहावाला वर बघायचा. तिथली पोरंसुद्धा आम्हाला बघून चांगभलं करायची. एकट्यानं मात्र हे करता येत नाही. एकानं हाक द्यायची, दुसऱ्यानं झेलायची.

रोपवेनं अर्ध्यापर्यंत गेलो. पुढं स्की खांद्यावर घेऊन बुटाच्या टाचा रोवत खिंडीपर्यंत चढलो. धार आमच्या बरीच वर, डाव्या अंगाला. वाऱ्यानं तिच्यावर बर्फ थापून ठेवला होता, भाकरी थापावी तसा, कडेला पार बाहेर आलेला.

भैरूनं गुडघ्यावर बसून हातानं खड्डा उकरला. मला खड्ड्याची भिंत दाखवली. वरचा थर घट्ट, त्याखाली साखरेसारखा सुटा बर्फ. त्यानं धारेकडे बोट केलं, दोन बोटं चालवून दाखवली आणि मग हाताचा पंजा दाणकन खाली पाडला.

"वर माणूस चालला तर येणार," मी म्हणालो.

त्यानं मान डोलावली. घळीकडे बोट करून उजवी कड दाखवली. तिकडून जायचं, एका वेळी एकानं, दुसऱ्यानं कातळाच्या आडोशाला थांबायचं. काठी आडवी म्हणजे थांब, उभी म्हणजे ये. हे सगळं तुमच्याच खात्याच्या वर्गात शिकलो होतो आम्ही. तिथं हेही शिकवलं होतं की बर्फ वजनानं तुटतो, आवाजानं नाही. विमान गेलं तरी तुटत नाही, पण एक माणूस नको तिथं उभा राहिला तर डोंगर खाली येतो. हे वाक्य मी वहीत नाही, डोक्यात लिहून घेतलं होतं.

"पुन्हा एकदा विचारू का नेगीला?" मी म्हणालो.

भैरूनं दोन्ही हात जोडले. म्हणजे विचार बाबा.

विचारलं. धार बंदच होती.

मग स्की चढवल्या. बर्फ उन्हात निळसर झाला होता. समोर शिखरांच्या रांगा, एकावर एक, कुठंच शेवट नाही. भैरू खिंडीच्या तोंडाशी उभा राहिला, काठ्या वर केल्या, छाती फुगवली आणि तोंड उघडलं.

काहीच आलं नाही. ओठ मात्र हलले. जो… ति… बा… च्या… गळ्याच्या शिरा ताणलेल्या, डोळे मिटलेले, आणि आवाज एवढासुद्धा नाही. मूकपट बघावा तसं. मला हसू आवरेना. मी झेलायला तोंड उघडलं, तर त्यानं हातमोजा माझ्या तोंडावर दाबला. बोटानं स्वतःकडे आणि माझ्याकडे खूण केली. दोघंही मुके.

"बरं बाबा," मी हळूच म्हणालो. "चांगभलं."

एवढं हळू, की माझं मलाच ऐकू आलं.

पहिला मी गेलो. गुडघ्यापर्यंत बर्फ, पण हलका, पिठासारखा. पहिल्या वळणाला पोटात खड्डा पडला, दुसऱ्याला भरला, तिसऱ्यापासून पाय आपले आपण चालायला लागले. बर्फ उडून तोंडावर येत होता, तोंडात जात होता, त्याला काही चव नसते तरी मला आजही ती आठवते. घळ जिथं अरुंद होते तिथं दोन्ही हात पसरले तर कातळाला लागतील एवढीच जागा. तिथं वळता येत नाही. सरळ सोडून द्यायचं आणि भ्यायचं नंतर. मी सोडून दिलं. बाहेर पडलो तो उजव्या कातळाच्या पोटात जाऊन थांबलो. काठी उभी केली.

भैरू निघाला.

एरवी तो उतरताना अखंड बोंबलायचा. होऽऽ, हैऽऽ, बैल हाकल्यासारखा. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याच्या स्कीचा आवाज मला ऐकू आला. नवं लुगडं घडीतून सोडताना होतो तसा, सळसळ, थांबून पुन्हा सळसळ. मागं गुलाबी शेपटी लाटा घेत होती. त्या अरुंद जागेतून तो इतका सरळ, इतका निवांत आला की मला वाटलं, हा माणूस आरड्याओरड्यात स्वतःचं किती मोठं काम लपवत होता. बावीस वर्षं झाली. अजून झोप लागत नाही तेव्हा मी डोळे मिटून तो आवाज ऐकतो.

माझ्याशेजारी येऊन त्यानं खिशातून भाजलेले काजू काढले. घरचे, साल न काढलेले. आम्ही कातळाला टेकून खाल्ले.

"गड्या," तो फुसफुसला, "आज मेलो तरी चालंल."

"मेलास तर आजऱ्याच्या पोरीला काय सांगू?"

"सांग, नवरा गप बसणारा हाय." तो हसायला गेला आणि खोकला आला.

"तुझा सासरा खूश होईल. मुका जावई, वर सरकारी."

"कायम झाल्यावर तिला आणतो हितं. बर्फ बघायचाय म्हणती. फोनवर इचारत हुती, पायाला लागतो का हो?"

"तू काय सांगितलंस?"

"म्हटलं लागतो. पन लागल्यावर कळतच न्हाई."

तेवढंच बोललो. मी कपाळावरून चष्मा खाली घेतला आणि घळीचा खालचा भाग उतरलो. तो रुंद, सोपा, खाली देवदारांच्या रानाला जाऊन मिळणारा. झाडांच्या कडेला सुरक्षित जागी थांबलो, वळलो, काठी उभी केली. भैरू कातळाच्या आडून बाहेर आला.

आणि मला धारेवर माणसं दिसली.

पाच. चौघं रंगीत जाकिटातली आणि पुढं एक नारिंगी जाकीट, तुमच्या खात्याचं. नेगीनं बांधलेल्या दोरीच्या पलीकडे, वाऱ्यानं थापलेल्या त्या कडेवर ओळीनं उभे राहून फोटो काढत होते.

मी वॉकीटॉकी दाबली. "नेगीभाई, धारेवर कोण आहे?"

उत्तर नाही.

"नेगीभाई, भैरू खाली घळीत आहे. धारेवर कोण आहे?"

खरखर झाली. मग नेगीचा आवाज, अगदी बारीक. "साहेबांचे पाहुणे. साहेबांनी स्वतः सांगितलं, दोरी काढा. मी म्हटलं होतं त्यांना…"

पुढचं मी ऐकलं नाही. धारेखाली एक काळी रेघ उमटली. पेन्सिलीनं ओढावी तशी, डावीकडून उजवीकडे, काहीही आवाज न करता. मग तो सगळा थर खाली बसला आणि निघाला. तेव्हा मी ओरडलो. भैरूच्या नावानं ओरडलो, घसा फाटेपर्यंत. ओरडलो तो मी, आणि तेही बर्फ तुटल्यावर. हे मी तुमच्यासमोर सांगितलं होतं.

भैरूनं वर बघितलं. काठ्या टाकल्या, उजव्या कडेला सुटला. जवळजवळ पोचला होता. पांढरं त्याच्यावरून गेलं आणि लाल स्वेटर दिसेनासा झाला.

बर्फ थांबला तेव्हा इतकं शांत झालं की माझ्या कानातलं रक्त मला ऐकू येत होतं. ढेकळांचं रान झालं होतं नुसतं. मी वर चढत होतो, पडत होतो, आणि गुलाबी शोधत होतो. दुसरं काहीच शोधत नव्हतो. कुठंतरी बाजूला एक माणूस विव्हळत होता, पाहुण्यांतला एक धारेवरून बर्फाबरोबर खाली आला होता, पण तो वर होता, दिसत होता, त्याच्याकडे मी गेलो नाही.

मग दिसली. एका ढेकळाखालून वीतभर फेट्याची चिंधी, वाऱ्यानं हलत होती.

ओढून उपयोग नसतो. चिंधीच्या मागं मागं खणत जायचं. पाठपिशवीतलं फावडं छोटं, बर्फ सिमेंटसारखा झालेला. मी कुत्र्यासारखा खणलो. आधी खांदा लागला, मग केस. तोंडात बर्फ कोंबलेला, ओठ निळे. मी बोट घालून बर्फ काढला, गालावर मारलं, शिव्या दिल्या. तुमच्यासारख्यांना ऐकवता येणार नाहीत अशा शिव्या. त्यानं उलटी केली. मग श्वास घेतला, करवत चालवल्यासारखा.

डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. त्याचे पहिले शब्द मला ओठांवरूनच कळले.

"वर कोण व्हतं?"

मी सांगितलं नाही. आधी बाहेर तर काढायचा होता.

एक बरगडी मोडली होती त्याची. तरी उठून बसला आणि त्या विव्हळणाऱ्या पाहुण्याकडे बोट केलं. पाहुण्याचा पाय मोडला होता. माझी एक काठी त्याच्या पायाला आधाराला लावली आणि भैरूनं कमरेचा उरलेला फेटा सोडून त्यानंच बांधली. तुमची माणसं वर यायला वेळ लागला. तोवर तो पाहुणा भैरूचा हात धरून होता. सारखा म्हणत होता, तुमचे उपकार विसरणार नाही. पुढच्या तीन दिवसांतच विसरला.

तिसऱ्या दिवशी तुम्ही चौकशी बसवलीत. मोठा पाहुणा, मोडलेला पाय, कुणाच्या तरी गळ्यात घालायला हवं होतं. बैठकीची खोली, मध्ये शेगडी, टेबलामागं तुम्ही, शेजारी दोघं. भैरू छातीला पट्टा बांधून समोर उभा. त्याला कुणी बसा म्हणालं नाही.

तुम्ही विचारलंत, "वर पोचल्यावर तुम्ही लोक घोषणा देता, हे खरं का?"

भैरूनं मान डोलावली. खरंच होतं ते. अख्ख्या गावाला ठाऊक होतं. तुमची लबाडी खपली ती आमची खोड खरी होती म्हणून.

"त्या दिवशी दिलीस?"

त्यानं नकाराची मान हलवली.

"मान नको. तोंडानं सांग."

"न्हाई," भैरू म्हणाला. खरं तर म्हणाला नाही, हवा सुटली फक्त.

"जोरात बोल," तुम्ही म्हणालात.

त्यानं बरगडी दाबून धरली. पुन्हा हवा.

"ऐकू येत नाही. जोरात बोल."

मी मागून उठलो. म्हणालो, साहेब, ह्याचा आवाज गेलाय, आठवडा झाला, डॉक्टरांना विचारा. डॉक्टर रजेवर गेले होते. म्हणालो, नेगीला विचारा धारेवर कोण होतं. नेगी शेगडीकडे बघत राहिला. त्याला दोन पोरी होत्या, मी त्याच्यावर राग धरला नाही. म्हणालो, ओरडलो तो मी, बर्फ तुटल्यावर. आणि आवाजानं बर्फ तुटत नाही हे तुमच्याच वर्गात शिकवलंय.

"मित्राला वाचवतोयस," तुम्ही म्हणालात. "बस खाली."

मग पुन्हा भैरूकडे वळून, तिसऱ्यांदा, टेबलावर पेन आपटत, "जोरात बोल. इथं का बोलत नाहीस?"

भैरू तुमच्याकडे बघत राहिला. मी त्याला कधी इतका वेळ कुणाकडे बघताना पाहिलं नव्हतं. मग त्यानं खाली बघितलं.

तुम्ही शेजारच्याला सांगितलंत, लिहा, प्रशिक्षकाच्या ओरडण्यामुळे हिमकडा कोसळला.

दुसऱ्या दिवशी आम्हाला बसमध्ये बसवलं. त्याला काढला म्हणून मीही निघालो. घाट उतरून बस नदीकाठाला लागली, बर्फ संपला, खिडकीतून गव्हाची शेतं दिसायला लागली. भैरू माझ्या खांद्यावर डोकं टेकून होता. मला वाटलं झोपलाय.

"जोतिबाच्या नावानं," तो म्हणाला.

हळू, घोगरं, पण आवाज होता. परत आला होता. एका दिवसाचा उशीर झाला होता.

मला झेलता आलं नाही, साहेब. बसमध्ये ती हाक तशीच लोंबकळत राहिली.

आजऱ्याची मुलगी दुसरीकडे गेली. भैरूनं पुढं उशिरा लग्न केलं, बायको चांगली आहे, दोन मुलं आहेत. चंदगडला काजूच्या कारखान्यात भट्टीवर असतो. गेल्या दिवाळीत मी गेलो होतो. त्याच्या स्की परसात आडव्या बांधल्यात, त्यावर कांद्याच्या वेण्या टांगलेल्या. थोरलीनं विचारलं, बाबा, तुम्ही खरंच बर्फावरून घसरायचात? तो म्हणाला, "घसरायचो न्हाई, उतरायचो." मग माझ्याकडे बघून हात उभा केला आणि वळवत वळवत खाली आणला, सापासारखा. दोघंही हसलो. त्यापुढं तो काही बोलला नाही. तो कधीच बोलत नाही. सणाला देवळात सगळे चांगभलं करतात तेव्हा हा हात जोडून गप्प उभा असतो, असं वहिनी म्हणाल्या.

ते ऐकून आलो आणि फेब्रुवारीत तिकडे गेलो. धारेच्या पायथ्याला तुमची पाटी. शांतता राखा, इथं प्रशिक्षकाच्या ओरडण्यामुळे हिमकडा कोसळला होता, आवाज करू नका. मी तिथं उभा असताना शाळेची एक तुकडी आली. बाईंनी पाटी वाचून दाखवली. पोरांनी ओठांवर बोटं ठेवली आणि एकमेकांना चिकटून, सगळीच्या सगळी एकदम, त्या थापलेल्या बर्फाच्या खालून गेली. गप्प. अगदी गुणी पोरांसारखी. तुमचं खोटं भैरूपाशी थांबलं नाही, साहेब. ते अजून पोरांना त्या धारेखालून नेतंय.

म्हणून हे लिहिलं. भैरूनं लिही म्हटलेलं नाही, तो विचारतही नाही. विचारतोय मी. तुम्ही निवृत्त झालात असं ऐकतो, तब्येत चांगली आहे असंही ऐकतो, म्हणजे आठवत असेल. पाच हात अंतरावर उभ्या असलेल्या माणसाचा आवाज तुम्हाला ऐकू येत नव्हता. तुम्ही त्याला एकदा नाही, तीनदा सांगितलंत, जोरात बोल. मग जो तुमच्या टेबलापर्यंत पोचत नव्हता, तो आवाज त्या धारेपर्यंत कसा पोचला?

सांगा. आणि आता तुम्ही जोरात बोला.